घरी काय म्हणतात?

आमचे केळशीकर साहेब मुलाखतीला आलेल्या माणसाची सर्टिफिकेटं न उघडताच बाजूला सारायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "घरी काय म्हणून हाक मारतात?"

समोरचा गडबडायचा. "रामचंद्र, सर."

"ते शाळेतलं झालं. घरचं सांगा."

मग टाय सावरत तो इंजिनिअर पुटपुटायचा, "ढब्बू."

"मोठ्यानं!"

"ढब्बू, सर!"

मी साहेबांची स्टेनो. कोपऱ्यात पॅड घेऊन बसलेली असे. हसू आवरेना की पेन्सिलीचं टोक मोडायचं आणि ती तासत बसायचं, एवढाच माझ्याकडे उपाय होता.

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात माणसं निवडायचं काम केळशीकरांचं. चऱ्होलीचा एक मुलगा म्हणाला होता, "घरी समदे येड्याच म्हंत्यात." साहेब गंभीरपणे म्हणाले, "येड्या म्हटलं तर आख्खं शॉप वळेल. दुसरं काही असेल तर बघ."

घरचं नाव न सांगणाऱ्याला ते घेत नसत. अपवाद फक्त माझा. मला विचारलं तेव्हा मी, कॉन्व्हेंटच्या सवयीनं, इंग्रजीत म्हणाले होते की सांगायची इच्छा नाही. "नका सांगू, बाई. टाइपरायटर बोटं खात नाही," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला नंतर कळला. केळशीकर पूर्वी प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे, फोरमन होते. चालू प्रेसखाली एकाचा हात जाताना त्यांना दिसला. ते ओरडले, "शिंदे! शिंदे!" शॉपमध्ये शिंदे दोन. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला बोलावतायत. त्यात एका शिंद्याची दोन बोटं गेली.

"आडनावाला माणूस विचार करून वळतो," साहेब सांगायचे. "घरच्या नावाला आधी वळतो, मग विचार करतो."

नव्या वर्क्स मॅनेजरना हे पटेना. "मुलाखती आहेत की बारसं? आज मी स्वतः बसतो. पुन्हा तो प्रश्न ऐकला, तर उद्यापासून मुलाखती मी घेईन."

साहेब फक्त "बरं" म्हणाले. त्यांचं ते "बरं" मला चांगलं ओळखीचं होतं. त्याचा अर्थ "नाही" असा असे.

पहिलाच उमेदवार अशोक शिंदे. प्रेसवरची चाचणी त्यानं सुरेख दिली होती. हात शांत, नजर कामावर. मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "घेऊन टाका."

साहेबांनी घसा खाकरला. आज नको, मी मनात म्हटलं.

"घरी काय म्हणून हाक मारतात?"

मुलगा खाली बघत राहिला. "घर न्हाई, साहेब. बोर्डिंगात वाढलो. तिथं हजेरी घ्यायचे. हाक कुणी मारली न्हाई."

"झालं समाधान?" मॅनेजर म्हणाले. "आता तुमच्या नियमानं याला परत पाठवणार?"

साहेब चष्मा पुसत राहिले. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

"तिसरा शिंदे मी बिननावाचा प्रेसवर उभा करणार नाही."

"मग?"

साहेब मुलाकडे वळले. "बाबल्या. चालेल का तुला? कोकणातलं आहे, पण दणकट आहे. माझंच. आई गेल्यापासून नुसतं पडून आहे."

मुलानं मान हलवली.

"मोठ्यानं!"

"बाबल्या, साहेब!"

मॅनेजर बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. "पुढचा बोलवा," ते शेवटी म्हणाले. "आणि केळशीकर, तो प्रश्न तुम्हीच विचारा."

त्यानंतर कधी साहेब मला पत्र सांगत असायचे, आणि खालून, प्रेसच्या धडधडीतून कुणीतरी ओरडायचं, "ए बाबल्या!"

साहेब वाक्य अर्धवट सोडून खिडकीकडे वळायचे. मग विचार करायचे. मी पॅडवरची मान वर न करता पुढच्या शब्दाची वाट बघायची.