रुख्मिणीची चिठ्ठी विचाराधीन

ज्या पत्राला उत्तर जात नाही, त्या पत्राचं वय वाढत नाही. उत्तर गेलेली पत्रं पिवळी पडतात, तारेला टोचली जातात, रद्दीत निघतात. बिनउत्तराचं पत्र मात्र टेबलावर बसून असतं आणि रोज सकाळी, आत्ताच आल्यासारखं आपल्याकडे बघतं.

हरिहरपंतांच्या टेबलावर असं एक पत्र मार्च १९५६ पासून होतं. ते बार्शीटाकळीहून आलं तेव्हा अमरावती मध्यप्रदेशात होती. उत्तराचा पहिला मसुदा झाला तेव्हा ती मुंबई राज्यात गेली होती आणि चौथा मसुदा फाडला त्या दिवशी महाराष्ट्रात होती. मधल्या काळात आणे गेले, नये पैसे आले, आणि तेही जुने होऊन नुसते पैसे झाले. पत्राला उत्तरासाठी एक कोरं कार्ड जोडलेलं होतं; त्याच्यावरचं छापील तिकीट बाद झालं. सरकार बिचारं किती थांबणार?

पत्र असं होतं:

‘गुरुवर्य मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार. मी आपला अकोल्याच्या शाळेतला विद्यार्थी. सातवीत माझ्या निबंधावर आपण “बरा” असा शेरा दिला होता. मी कौंडण्यपूरच्या रुख्मिणीवर सिनेमा काढला आहे. सिनेमा मुका आहे. पडद्याजवळ उभं राहून रुख्मिणीची चिठ्ठी वाचायची आहे. ती ओव्यांत लिहून सोबत पाठवतो. बरी आहे का, एवढंच कळवावं. आपलं उत्तर येईपर्यंत रिळांचे डबे उघडणार नाही. आपला, खुशालराव.’

आता बार्शीटाकळीच्या काळ्या जमिनीत कापूस पेरणाऱ्या माणसाने सिनेमा का काढावा, हा प्रश्न वाचकांना पडेल. अमरावती-अकोल्याकडे तो कोणाला पडला नाही. त्या काळी वऱ्हाडात कलावंत होण्याची एक ठरलेली पद्धत होती आणि ती माणसाचा धंदा विचारत नसे.

कवीचं बघा. पहिली पंधरा वर्षं तो ‘होतकरू’ असे. पुढची पंचवीस ‘नवोदित’. त्यानंतर एखादा ज्येष्ठ कवी वारला की त्या दुपारी शोकसभेत जो सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसे तो ‘ज्येष्ठ’ होई. मधली पायरी नव्हती. (एकदा दोघे एकाच खुर्चीवर बसले, पुढची चार वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरात एक आणि नदीअलीकडे एक, असे दोन ज्येष्ठ कवी नांदले.) सिनेमा काढणाऱ्यांची संख्या त्या मानाने कमी, म्हणजे एक होती. म्हणून खुशालराव सुरुवातीपासूनच होतकरू, नवोदित आणि ज्येष्ठ असे तिन्ही होते.

परंतु कोणत्याही पायरीवर चढण्याआधी एक गोष्ट लागे: हरिहरपंतांचा अभिप्राय.

हरिहरपंत हे निवृत्त संस्कृत शिक्षक. अमरावतीच्या अंबागेटाजवळच्या उषःप्रभा वाचनालयात ते सकाळ-संध्याकाळ बसत. स्वभावाने इतके भिडस्त, की वाचनालयात कोणी मोठ्याने बोललं तर ‘शांतता राखा’ या पाटीकडे नुसतं बघत, आणि तेही बोलणाऱ्याची पाठ असताना. लोक त्यांना वह्या पाठवत. पंत प्रत्येक वही दोनदा वाचत, समासात पेन्सिलीने काहीतरी लिहीत, खोडत, आणि मग वाटे, आपण कोण सांगणारे? त्यांची स्वतःची कवितांची वही १९३१ पासून पुण्याच्या एका थोर गृहस्थांच्या विचाराधीन होती. (गृहस्थ १९४० साली वारले. तेव्हा निर्णय लवकर अपेक्षित नाही.) ज्याच्या स्वतःच्याच वहीचा निकाल लागलेला नाही त्याने दुसऱ्याच्या वहीवर सही कशी करायची? म्हणून पंत कोणालाच उत्तर देत नसत.

यात त्यांचा काही डाव नव्हता. पण वऱ्हाडाने त्यातून एक संस्था उभी केली. वकील बापूसाहेब हे पहिले. १९५९ साली त्यांनी आपला संग्रह छापला आणि मुखपृष्ठावर, नावाखाली, ठसठशीत अक्षरांत घातलं: ‘आदरणीय हरिहरपंत यांच्या विचाराधीन’. खोटं काहीच नव्हतं. संग्रहाची तिसरी आवृत्ती निघाली. मग रीतच पडली. १९५६ ते १९६७ या काळात पंतांकडे त्रेचाळीस बाडं आली. पैकी एकोणतीस ‘विचाराधीन’ म्हणून छापली गेली, सहा जण त्या जोरावर कॉलेजात लागले, दोघांची लग्नं जमली, आणि एकाचं मोडलेलं पुन्हा जमलं. पंतांनी अभिप्राय दिला असता तर यांतलं किती झालं असतं, हा हिशेब मांडण्याइतका क्रूर माणूस अमरावतीत नव्हता.

खुशालरावांची तर भरभराट झाली. सिनेमा कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्यात एकही दोष सापडला नव्हता. ‘स्वतंत्र चित्रकार’ म्हणून त्यांना (लोक तेव्हा सिनेमा काढणाऱ्याला असंच म्हणत आणि एखादा त्यांच्याकडून दुकानाची पाटीही रंगवून मागे) गणेशोत्सवात भाषणाला बोलावत. विषय: ‘माझा सिनेमा’. दर कार्तिकात ते सात डबे गोणपाटात गुंडाळून, खाली सरकी पसरून, बैलगाडीने कौंडण्यपूरच्या जत्रेला नेत. तिथे फिरत्या तंबूच्या सिनेमाचा मालक सूर्यभान बाहेर फलक लावी: ‘रुख्मिणीची चिठ्ठी. हरिहरपंतांच्या विचाराधीन.’ लोक फलक बघत, हात जोडत, आणि आत जाऊन दुसराच मारामारीचा सिनेमा बघत. जत्रा उठली की डबे जसेच्या तसे परत. असं अकरा वेळा झालं.

पंतांनी मात्र ती चिठ्ठी वाचली होती. दोनदा नव्हे, किती वेळा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चाळीस ओव्या, वऱ्हाडी बोलीत. त्यातली एकतिसावी अशी:

*देवा, चिठ्ठी पावली का? पावली तं ये.*
*नाई पावली असन, तं तेवढं तरी कळव.*

छंदाच्या दृष्टीने यात किमान तीन दोष होते. पंतांनी ते समासात टिपले. मग त्यांनी आपली १९३१ ची वही (नक्कल, मूळ प्रत पुण्याला) उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात एकही दोष नव्हता. आणि असली एकही ओळ नव्हती. त्या दिवसापासून ते ‘बरी आहे’ एवढे दोन शब्द लिहायला बसत आणि हात थांबे. ‘बरी’ कमी पडे. ‘फार चांगली’ लिहावं तर आपण कोण? शिवाय ते लिहिलं की दुसरीही एक गोष्ट कबूल केल्यासारखं होई. असे सात मसुदे झाले.

१९६७ च्या दिवाळीआधी वाचनालयाच्या समितीने ठराव केला की पंतांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांचा जाहीर सत्कार करून ‘मौनमहर्षी’ ही पदवी द्यावी. समितीचे सातही सभासद कवी होते आणि सातही विचाराधीन होते. ठराव एकमताने पास झाला. शालीचा रंग मात्र तीन बैठका चालला.

दिवाळी उलटली आणि एका सोमवारी सकाळी, एस.टी.तून उतरून एक बाई वाचनालयात आली. पन्नाशीची, काष्टा घातलेली, हातात पिशवी. दारातल्या पाटीकडे न बघता ती मोठ्याने म्हणाली, “हरिहरपंत मास्तर कोन व्हय?”

पंतांनी सवयीने पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, “मीच.”

“मी पार्बताबाई. बार्शीटाकळीहून आली. सिनेमावाल्याच्या घरची.” ती बाकावर टेकली. “चिठ्ठी पावली का तुमाले?”

पंतांना एकतिसावी ओवी आठवली. “पावली.”

“कवा?”

“छप्पन साली.”

“मंग?”

“विचार चालू आहे.”

“अकरा सालं? मास्तर, अकरा सालात आमच्या म्हशीची नात दूध देऊन राहिली!”

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं. पण ते वाचनालयाबाहेरच्या माणसांना कळत नसे.

“माह्यं ऐका,” ती म्हणाली. “त्या सिनेमात रुख्मिणी म्हनजे मी. दुसरी कोनी बाई उभी राहाले तयारच नव्हती. चाळीस वर्साची रुख्मिणी झाली मी, लाज सोडून. आता गाव काय म्हन्ते ठाव हाय? पार्बती सिनेमात नाचली! म्या काय केलं? चिठ्ठी लेयली, बामनाच्या हाती देल्ली, अन् नदीकाठी उभी राहून वाट पायली. बस. मले नाचता येतच नाई.”

“मग खुशालराव डबे का उघडत नाहीत?”

“तुमाले इचारलं ना त्यायनं! मास्तर सांगन तवा उघडन म्हन्ते. सातवीत तुमी त्याईले ‘बरा’ म्हटलं होतं. त्याच्या अगोदर कोनी म्हटलं नव्हतं, अन् त्याच्या मागून बी नाई.” तिने डाव्या डोळ्यावर हात ठेवला. “या डोळ्यात मोतीबिंदू हाय. दुसरा वाटंवर हाय. अकोल्याचा डाक्टर म्हन्ते पिकू द्या, मंग कापू. कापल्यावर दिसन का नाई, ते त्याले बी ठाव नाई. त्याच्या अगोदर मले मी पायची हाय. एकडाव. जत्रा नऊ दिसावर आली.”

पंतांनी टेबलावरची चिठ्ठी जवळ ओढली.

“किस्नदेव तं चिठ्ठी वाचल्याबरोबर रथ घेऊन आला होता. म्या म्हटलं, मास्तरकडं रथ नसन. पन पोस्ट तं हाय ना?”

“बाई,” पंत इतक्या हळू म्हणाले की तिला पुढे वाकावं लागलं, “चिठ्ठी फार चांगली आहे.”

“मंग लेहा ना तसं!”

“तेच लिहवत नाही.”

“काऊन?”

पंतांनी इकडेतिकडे बघितलं. वाचनालयात दोन वर्तमानपत्र वाचणारे होते. दोघेही एकच पान बराच वेळ वाचत होते. “माझ्या कवितांपेक्षा चांगली आहे म्हणून.”

पार्बताबाईने थोडा विचार केला. “एवढंच?” ती म्हणाली. “तं त्याच्यात कोनाचं काय गेलं?”

छत्तीस वर्षं जो प्रश्न पंतांना हाताळता आला नव्हता तो अशा रीतीने निकाली निघाला. बाईने पिशवीतून ज्वारीची भाकर आणि ठेचा काढून टेबलावर ठेवला, “खाऊन घ्या, वाळलेले दिसून राहिले” असं बजावलं, आणि अकोल्याची दुपारची गाडी पकडायला निघून गेली.

पंतांनी ते जोडकार्ड काढलं. बाद तिकिटावर नवं तिकीट चिकटवलं आणि एका दमात लिहिलं: ‘चि. खुशालराव यांस आशीर्वाद. चिठ्ठी फार चांगली आहे. मला अशी लिहिता आली नाही. डबे उघडा. उशिराबद्दल क्षमा. हरिहर.’ मसुदा केला नाही. समासात तीन दोषही कळवायचा मोह झाला. पण कार्डाला समास नसतो, हे टपाल खात्याचे उपकार.

पेटी चौकात होती. पंत तिथपर्यंत पोचतात तोच समोरून बापूसाहेब आले. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपैकी एकाने सायकल काढली असावी. बापूसाहेबांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“पंत, हातात काय आहे?”

“उत्तर.”

“कोणाला?”

“बार्शीटाकळीला.”

बापूसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “अहो, पंत! सत्कार तोंडावर आलाय. शाल आली. मानपत्रात ‘मौन’ हा शब्द चौदा वेळा छापून झालाय. तुम्ही एकाला उत्तर दिलंत की उरलेल्या बेचाळीस जणांना द्यावं लागेल. त्यांची पुस्तकं आहेत, नोकऱ्या आहेत, बायकामुलं आहेत! आणि... आणि त्यात मीही आहे.”

“आहात,” पंत म्हणाले. “सातवे.”

“काय वाटलं तुम्हाला माझा संग्रह वाचून?” बापूसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. आठ वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. मग दोन्ही हात पुढे करून ते घाईघाईने म्हणाले, “नको! आत्ता नको. घरी विचार करून सांगा. सावकाश.”

पंतांना त्यांची दया आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुशालरावांचं कार्ड पेटीच्या फटीत धरलं आणि सोडलं. खाली पडल्याचा टप्प असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. पण त्यानंतर बापूसाहेबांनी चौकातल्या पेटीला टेकून बसण्याची परवानगी मागितली.

तिथून पंत समोरच्या टपाल कचेरीत गेले आणि बेचाळीस कार्डं घेऊन बाहेर आले. पत्ते त्यांना पाठ होते. संध्याकाळपर्यंत ते सगळे लिहून झाले. मजकूर ते आता वहीनिहाय, क्रमाने भरत आहेत, आणि मसुदे करायचं त्यांनी सोडलं आहे. बेचाळीस जणांची नावं इथे देणं सभ्यपणाचं होणार नाही. मात्र वाचकहो, त्या काळात तुम्हीही अमरावतीला एखादी वही पाठवली असेल, तिचं उत्तर आलं नसेल, आणि तेवढ्या आधारावर तुम्ही आजवर स्वतःला कवी म्हणवून घेत असाल, तर पोस्टमन दिसला की दार जरा लावून घ्या. त्याच्याजवळ तुमच्या नावाचं कार्ड आहे.