दुर्बिणीची जागा

सासऱ्यांच्या ताटाच्या जागेवर ड्रोन ठेवलेला होता. चार पाती, पोटाखाली एक डोळा आणि खाली घडी घातलेला मऊ टॉवेल. सासऱ्यांसाठी त्या टेबलावर टॉवेल कुणी कधी अंथरला नव्हता. ते ताट मांडीवर घेऊन बसले.

"बाबा, तुम्हीच सांगा ना बोटीच्या तांडेलांना," मुलगी म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

"काय सांगू?"

"हेच, की यांच्या ड्रोनमधून वरून मासे दिसतात."

"मासे बघायचं काम मी करतो."

"म्हणूनच तर. काम घरातल्या घरात राहील."

जावई खाली मान घालून जेवत होता. लग्नांचं शूटिंग हा त्याचा धंदा. वर्षापूर्वी एका लग्नात त्याचा ड्रोन नवऱ्यामुलाच्या आत्याच्या अंबाड्यात उतरला, आणि ती चित्रफीत लग्नापेक्षा जास्त लोकांनी पाहिली. तेव्हापासून बोलावणी बंद. दोघं चार दिवसांसाठी म्हणून राहायला आले होते. त्याला आता सात महिने झाले होते.

मुलीच्या या म्हाताऱ्या बापाला बंदरावर सगळे दुर्बीण म्हणत. चाळीस वर्षं तो तांडेलाच्या बोटीच्या टोकावर बसून पाणी बघत आला होता. पाण्याचा रंग बदलला, पक्षी घिरट्या घालू लागले, की तो हात वर करी आणि बोट तिकडे वळे. अलीकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि समुद्र व आकाश यांच्यातला फरक त्याला ऐकीव माहितीवरूनच ठाऊक होता. पण दोन वर्षांत मासेही इतके कमी झाले होते, की त्याला दिसत नाही हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. अंदाजाने हात वर करायचा आणि रिकामं जाळं वर आलं की शिव्या खायच्या. तेवढी जागा टिकवायची होती. बायको गेल्यापासून घरात बसणं त्याला जमत नव्हतं.

तरी त्याने तांडेलाला सांगितलं. मुलीला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

तांडेल विचार करून म्हणाला, "एक दिवस घेऊन ये. मासा दाखवला तर ठेवू."

"आणि मी?"

"एका बोटीवर दोन डोळे कशाला, दुर्बीण?"

अशा रीतीने, स्वतःच्या जागेवर बसायला येणाऱ्याची पिशवी हातात धरून म्हातारा सकाळी बोटीवर चढला. आभाळ राखेच्या रंगाचं होतं. मधूनच ऊन पडल्यासारखं करी आणि मागे घेई.

नेहमीच्या ठिकाणी पोचल्यावर जावयाने ड्रोन उडवला. पहिली पाच मिनिटं त्याने बोटीचंच शूटिंग केलं. हाताच्या सवयीला इलाज नसतो. ड्रोन तांडेलाभोवती हळूच गोल फिरला, खाली आला आणि त्याच्या तोंडासमोर स्थिर झाला.

"हे काय चाललंय?" तांडेलाने विचारलं.

"जरा इकडे बघा," जावई नकळत म्हणाला. "हसलात तरी चालेल."

तांडेल हसल्याचं बोटीवर कुणाला आठवत नव्हतं. आजही ते आठवायची वेळ आली नाही. जावयाने घाईने ड्रोन समुद्रावर लांब पाठवला आणि थोड्याच वेळात म्हणाला, "बाबा, हे बघा. काळं काहीतरी सरकतंय."

म्हाताऱ्याने जावयाच्या हातातला रिमोटचा पडदा घेऊन नाकाला लावला. पडदा राखाडी होता. सगळंच राखाडी होतं.

"केवढं आहे, जावईबापू?"

"आपल्या अख्ख्या बंदराएवढं असेल."

म्हाताऱ्याला कळलं. एवढा मोठा थवा त्याच्या आजोबांनीसुद्धा पाहिला नव्हता. बंदराएवढं काळं समुद्रावर सरकतं ते एकच, ढगाची सावली. हे सांगितलं असतं तर त्याची जागा राहिली असती. पण संध्याकाळी मुलगी दारात उभी असणार होती.

"बरंच मोठं आहे," तो म्हणाला आणि पडदा परत दिला.

बोट सावलीमागे धावली. जाळं टाकलं, ओढलं. पाणी निघालं. सावली पुढे सरकली, बोट मागे. पुन्हा जाळं, पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा एक चप्पल आली, तीही डाव्या पायाची. इंजिनवाल्याने कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं आणि ड्रोनला मनसोक्त शिव्या दिल्या. ड्रोन वर एका सुरात गुणगुणत राहिला. दिलेल्या शिव्या कुठे लागल्याच नाहीत, हे बघून इंजिनवाल्याचा चेहरा उतरला.

"चार्जिंग संपत आलंय," जावई म्हणाला. "काळजी नाही. आता तो आपोआप घरी परत येतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. ड्रोन बोटीकडे आला, बोटीवरून गेला आणि पुढे निघून गेला.

"हा कुठे चालला?" तांडेल म्हणाला.

"घरी."

"घर कुठे आहे त्याचं?"

जावयाने सकाळच्या जागेकडे बोट दाखवलं. "जिथून उडाला तिथे. लग्नाच्या हॉलसमोरच्या मैदानातून उडाला की तिथेच उतरतो. मैदान हलत नाही ना."

बोट सकाळपासून चांगली दोन कोस हलली होती.

इंजिन पूर्ण ताकदीने सोडलं. पुढे आकाशात ड्रोन, मागे धूर ओकत बोट. सकाळच्या जागेवर पोचेपर्यंत ड्रोन उतरायला लागला होता. जिना उतरणाऱ्या पाहुण्यासारखा तो शांतपणे, कुठलीही घाई न करता खाली येत होता. जावई दोन्ही हात पसरून काठावर उभा राहिला. हातांत आणि ड्रोनमध्ये चार बोटींचं अंतर होतं.

"जाळं टाका," जावई रडवेला होऊन म्हणाला. "अहो, माझा धंदा आहे तो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या बोटीवरून आकाशातल्या वस्तूसाठी जाळं पडलं. बोट गोल फिरली, ड्रोन मधोमध पाण्यात बसला, एक बुडबुडा आला. खलाशी जाळं ओढायला लागले आणि थांबले. जाळं हलेना.

"जड आहे," इंजिनवाला म्हणाला.

"यंत्र भिजल्यावर जड होतं का?" तांडेलाने विचारलं.

सहा जणांनी मिळून जाळं वर घेतलं. मासेच मासे. वर्षभरात मिळून आले नसतील एवढे, आणि त्यांच्यात उताणा पडलेला ड्रोन. सकाळी जिथे बोट उभी होती, तिथे खालीच मासा होता. नुसतं जाळं टाकलं असतं तरी चाललं असतं, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आणि म्हणून जो तो घाईने मासे वेचू लागला.

तांडेलाने ड्रोन उचलला, पाणी निथळवलं, आणि आयुष्यात प्रथमच कशाकडे तरी मायेने पाहिलं.

"मासा दाखवायला जीव दिला त्याने," तो म्हणाला. "दुर्बीण, चाळीस वर्षांत तू कधी पाण्यात उडी मारलीस?"

"नाही."

"तर मग. जावयाला नवा ड्रोन घेऊ. तू उद्यापासून घरी बस."

ड्रोनचं फक्त चार्जिंग संपलं होतं, हे खरं सांगायला जावई तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्याने त्याच्या पायावर पाय ठेवला. पाय अंदाजानेच ठेवला होता, पण बरोबर पडला. मग तो आपला डबा चाचपडू लागला.

"थांबा तांडेल," इंजिनवाला म्हणाला. "हे जमायचं नाही. उद्या जाळं रिकामं आलं की शिव्या कुणाला द्यायच्या?"

"यंत्राला द्या."

"सकाळी देऊन बघितल्या. त्याला काही वाटत नाही. दिवसभर पोटात तशाच राहिल्या माझ्या."

"मग जावयाला द्या."

"ते रडतात."

तांडेलाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण याला दिसत तरी काय?"

"काहीच दिसत नाही. दोन वर्षं झाली, सगळ्या बोटीला ठाऊक आहे. त्यासाठी कुठे ठेवलाय त्याला?"

म्हातारा डब्याचं झाकण लावत होता. ते बराच वेळ लागलं नाही.

नव्या ड्रोनचा तिसरा दिवस. पडद्यावर जावयाला काहीतरी काळं दिसलं, जाळं रिकामं वर आलं. तांडेल बोटीच्या टोकाकडे वळला आणि त्याने सुरुवात केली. म्हाताऱ्याची नजर, अक्कल, वडील, सगळ्यांचा समाचार घेऊन झाल्यावर तो श्वास घ्यायला थांबला. मागे इंजिनवाल्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थांब. आजोबा राहिलेत."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तो आपल्या जागेवर नीट सावरून बसला.