मन्मथअप्पांचे पडेल पिक्चर

मन्मथअप्पा कुठलाही सिनेमा मधूनच बघायला लागतात. आधी उत्तरार्ध, अगदी शेवटची नावं संपेपर्यंत. मग चहा. मग पूर्वार्ध. मी शाळेत गणित शिकवतो, एक पायरी गाळली तरी मार्क कापतो. त्यामुळे त्यांच्याशेजारी बसून सिनेमा बघणं हा माझा छळच असतो. म्हातारा राजा मरतो, आपण हळहळतो, आणि चहानंतर तो पाळण्यात दिसतो.

ही सवय त्यांच्या धंद्यातून आली. कळंबच्या बाजारात त्यांचं आडत दुकान आहे. पोत्यात लोखंडी परखी खुपसून मधलं धान्य तळहातावर घ्यायचं आणि माल सांगायचा, यात त्यांचा जन्म गेला. "वरचा माल समदेच चांगला ठिवतेत मास्तर," ते म्हणतात. "पोतं मधून बघावं." सिनेमाही मग मधूनच.

बरं, बघायचं काय? तर फक्त कार्टूनचे सिनेमे, तेही पडेल. चाललेल्या सिनेमाला ते हात लावत नाहीत, कारण त्याला गिऱ्हाईक आहेच. गादीवर बसून, हरभऱ्याच्या पोत्याला मोबाईल टेकवून ते जपानी बघतात, रशियन बघतात, भाषेचं त्यांचं काही अडत नाही. अमुक सिनेमा आला तेव्हा थेटरात कुत्रं फिरकलं नाही आणि आता लोक नातवंडांना दाखवतात, अशा बातम्या ते मला वाटेत अडवून सांगतात. शेवटचं वाक्य ठरलेलं: "पिक्चर पडला म्हंजे माल वाईट न्हाय. त्या दिवशी बाजार पडला व्हता."

एकदा हत्तीच्या पिल्लाला आई सापडेपर्यंत त्यांनी सोयाबीनचा सौदा थांबवून धरला होता. व्यापारी, हमाल, शेतकरी, सगळे मोबाईलभोवती. आई सापडली तशी दोघा हमालांनी डोळे पुसले. आता ती हरवते कशी ते बघू, असं म्हणून अप्पांनी चहा सांगितला.

हे वेड दोन वर्षांचं आहे आणि त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. अप्पांची मुलगी गिरिजा हैदराबादला कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत होती. समुद्र बघायला निघालेल्या म्हशीचा सिनेमा त्या कंपनीनं केला. त्या म्हशीची शेपूट आणि कान हलवायचं काम गिरिजाकडं होतं. नुसती शेपूट आणि कान, दोन वर्षं.

तो सिनेमा लातूरला लागला तेव्हा अप्पा मला घेऊन गेले. आत मोजून सात माणसं. मध्यंतरापर्यंत अप्पा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पूर्वार्ध पुढच्या खेळाला बघू म्हणाले. पुढचा खेळच रद्द झाला. त्यात शेवटची नावं सुरू होताच थेटरवाल्यानं दिवे लावून पडदा बंद केला. सिनेमा मोबाईलवरही कधी आला नाही, त्यामुळे लेकीचं नाव बघायचं राहिलं ते राहिलंच.

कंपनी बुडाली. गिरिजा परत आली, पेन्सिली ट्रंकेत गेल्या. कुणी विचारलं तर कॉम्प्युटरचं काम होतं म्हणायची. या श्रावणात तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला: नवा सिनेमा आहे, येतेस का, आठवड्यात कळव. ती नाही म्हणाली. अप्पांनी कारण विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "आपुन काढायचं आन् कुनी बघायचं न्हाय. कशाला, अप्पा?"

अप्पांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात ही दोघंच. दुसरा कुणी असता तर पोरगी राहतेय म्हणून गप्प बसला असता. अप्पांनी त्या साहेबांकडून म्हशीच्या सिनेमाची प्रत मागवली आणि गल्लीतल्या मठाच्या सभागृहात पडदा बांधला.

श्रावणी सोमवारचा प्रसाद होता. खीर शिजेपर्यंत लोक बसलेलेच असतात, त्यांना म्हैस दाखवायची, असा बेत. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. गिरिजाला कळलं तशी ती मागच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. अप्पांनी अर्थातच सिनेमा मधून लावला. निदान आजच्या दिवस तरी सुरुवातीपासून, असं मी हात जोडून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

म्हैस समुद्राला पोचली. गाणं सुरू झालं, नावं वर सरकायला लागली आणि लोक गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. अप्पा उभे राहिले. "बसा. सुरवात ऱ्हायलीय अजून."

लोक बसले. बसल्यावर करणार काय, समोर नावं होती, तीच वाचायला लागले. ज्यांना इंग्रजी येत होतं ते बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. असं करत गिरिजाचं नाव आलं. आधी चार जण म्हणाले, मग सगळं सभागृह. अप्पा पडद्याच्या इतके जवळ गेले की निम्मी नावं त्यांच्याच पाठीवरून सरकत होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

गिरिजा दारात येऊन उभी होती. तिच्या पुढ्यातच बसलेल्या काशाबाईंनी वळून तिला विचारलं, तू काय केलंस गं यात? आयुष्यभर म्हशी राखलेली ती बाई. गिरिजा हळूच म्हणाली, शेपूट. काशाबाई म्हणाल्या, "तरीच. माशी बसली की आदी कातडं हलतंय, मग शेपूट येती. ज्येनं म्हस बगितली न्हाय त्येला हे जमायचं न्हाय."

गिरिजा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. पूर्वार्ध तिनं तिथंच बघितला, आणि कातडं आधी हलवायला किती भांडावं लागलं ते काशाबाईंना सांगत राहिली. संध्याकाळी तिनं हैदराबादला फोन लावला.

गेल्या आठवड्यात ती गेली. सकाळच्या एसटीत बसवून अप्पा थेट माझ्याकडं आले. मी म्हटलं, अप्पा, जिंकलात. ते हसले, खुर्चीत बसले, चहा घेतला. एरवी चहा संपला की दुकानाची घाई. त्या दिवशी रिकामा कप हातात धरून बसून राहिले. घड्याळात बारा वाजून गेले, सौद्याची वेळ टळली.

"मास्तर," ते म्हणाले, "आज तुमच्याकडंच जेवू का?"