कचरूमामांचा जॅझचा कागद

आमच्या शेजारच्या कचरूमामांच्या दारात कोनी बी येऊ दे, गॅसवाला येऊ दे नायतर लाईटचं मीटर बघनारा, मामा त्याला आधी विचारनार, "जॅझ ऐकता का? जुनं?" तो "काय?" म्हनेपर्यंत त्याच्या हातात झेरॉक्सचा कागद कोंबलेला. वर मोठ्या अक्षरात, 'जुन्या जॅझच्या शौकिनांसाठी सगळी माहिती.' खाली, मोबाईलवर कोनत्या रेडिओला फक्त जुनं लागतं, पुण्यात रेकॉर्डी कोन विकतं, प्लेयरची सुई कुठं मिळती, पुस्तकं कोनती. आन् मागच्या बाजूला छावणीच्या चौकापासून मामांच्या घराचा नकाशा. 'फुकट ऐका, चहा बी मिळंल.'

मला तरी कुठं ठाऊक होतं जॅझ म्हंजे काय. मी देवगाव रंगारीची, आठवीतच शाळा सुटली. आमच्या यांना वाळूजला कंपनीत काम लागलं म्हनून इथं छावणीत भाड्यानं आलो, तर पहिल्याच दिवशी मला बी कागद! मी म्हनले, "मामा, मला वाचायला टाइम लागतो." "लागू दे की. मला कुठं घाई हाय?"

मामा आधी फर्दापूरला टॅक्सी चालवायचे, अजिंठा बघायला आलेल्या फॉरेनच्या लोकांना न्यायचे. एका म्हाताऱ्या गोऱ्यानं जाताना जॅझची कॅसेट दिली, आन् तिथून हे सुरू झालं. गाडीत जो गोरा बसंल त्याला विचारायचं, हे गानं कुठं मिळतं, आन् वहीत लिहून घ्यायचं. मामी होत्या तेव्हा म्हनायच्या, "लोकं बक्षिसी घेतात, आमचं येडं पत्ते घेतं."

नव्या जॅझचं नाव काढलं की मामा चिडलेच. "ते नको! जिन्यावरून भांडी गडगडल्यावानी. आपलं जुनं. त्यात चार जन एकदम भांडतात, पन घर मोडत नाय."

चौकातला भजेवाला मामांच्याच कागदात भजी बांधतो. मामा म्हनतात, "बांधू दे. तेल पुसता पुसता वाचंल कोनीतरी."

आन् माझी मनू तेव्हा दहा महिन्यांची. एक दिवस तिच्यामागं परात पडली, मी दचकले, ती नाय. सासूला सांगायची हिम्मत नाय, यांना सांगायची नाय, पोर उचलली आन् मामांकडं पळाले. मामा म्हनले, "थांब, बघू." मनूला प्लेयरच्या मोठ्या लाकडी खोक्याजवळ बसवलं, रेकॉर्ड लावली. मनूनं खोक्यावर हात ठेवला आन् ढोल सुरू झाला तशी खुदकन् हसली. मामा नाचायलाच लागले. "बघ! ऐकतीय! आन् चॉइस बी कसली हाय बघ पोरीची!"

मला तेच ऐकायचं होतं. मग रोज संध्याकाळी मनू मामांकडं, रोज हसायची. मी दवाखान्यात गेलेच नाय. चार महिने.

लस टोचनाऱ्या ताईनं मागून टाळ्या वाजवून बघितल्या, तिनंच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं मनूच्या डोक्याला वायरी लावल्या. डॉक्टरीणबाई म्हनल्या, हिला ऐकू येत नाय, खोकं थरथरतं ते हाताला कळतं, म्हनून हसती. कानाला मशीन लावून बघू, पन काय सांगता येत नाय. एवढ्या उशिरा का आनलं?

मी तशीच मनूला कडेवर घेऊन मामांच्या घरात शिरले, चप्पल बी काढली नाय. "तुम्ही म्हनला ऐकतीय! तुमच्या भरवशावर बसले मी, मामा! चार महिने गेले माझ्या पोरीचे!" लई बोलले. नको नको ते बोलले.

मामा मटकन् खाटेवर बसले. म्हनले, "माझीच चूक, पोरी. पन एवढे कागद वाटले, एक मानूस नाय आला गं. ही यायची, हसायची. मला वाटलं, एक तरी आलं."

मनू त्यांच्याकडं जायला अंग टाकत होती. मामांनी घेतलं नाय. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आन् खाली बघूनच विचारलं, "आता तू हिला आनायची नायस, व्हय ना?"

तेच सांगायला तर मी गेले होते. पन मनूला मांडीवर घेऊन मी तिथंच उंबऱ्यावर बसले, चप्पल तशीच पायात.