दीड तासाचा देश

कोणत्याही देशाचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. आपले विमान तिथे किती वेळ थांबते, यावरून ठरते. या कसोटीवर आखातातला एक तेलसंपन्न देश मँचेस्टरच्या मराठी माणसाला अत्यंत जवळचा आहे. (देशाचे नाव येथे दिलेले नाही. मँचेस्टरमध्ये ते कोणी घेतही नाही. विमान कंपनीचे नाव पुरते.)

बारा वर्षांच्या अन्वी मेश्रामला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला : आपण जाऊन आलेल्या तेल उत्पादक देशाचा भूगोल आणि प्रादेशिक महत्त्व. अन्वी त्या देशात नऊ वेळा जाऊन आली होती. तिचे वडील सम्यक हे डेटा अ‍ॅनालिस्ट. त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणावरून मजकूर सांगितला.

देशाची लांबी चालत बावीस मिनिटे, सरकत्या पट्ट्यावरून चौदा. हवामान बारमाही थंड. शाल हातातल्या बॅगेत ठेवावी. मुख्य पीक, सोनेरी डब्यातला खजूर. लोकसंख्या बहुतांशी झोपलेली, बूट उशाशी. तेल एकदाच दिसले, पण ते आईच्या बॅगेतल्या लोणच्याचे निघाले. प्रादेशिक महत्त्व मोठे. (प्रदेश म्हणजे विदर्भ. तिथून नागपूरला थेट विमान आहे.)

शेवटचा रकाना होता, ‘तेथील एका रहिवाशाची माहिती’. सम्यकनी कॉफीच्या काउंटरवरची मुलगी सुचवली.

“पण बाबा, मामा तिथेच राहतो ना?”

ही माहिती अचूक होती. बबन हे अन्वीच्या आईचे, म्हणजे रचनाचे, थोरले भाऊ. चौदा वर्षे त्याच देशात तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर. एकूण फेऱ्या नऊ, सरासरी मुक्काम दीड तास, मामांची भेट शून्य. भाची त्यांनी फक्त फोनवर पाहिली होती, बहुतेक वेळा हनुवटीपर्यंत.

रचनाने फोन लावला. “जय भीम, दादा.”

“जय भीम. आज कशी काय आठवण झाली बाप्पा?”

“मामा, तुझं घर एअरपोर्टपासून किती लांब आहे?” अन्वीने विचारले.

“दोन तास, बेटा. मधात नुसती वाळू. अन् दुपारी लोखंडाले हात लावला का कातडी तिथंच राहते. लिहून घे.” मग ते म्हणाले, “या खेपेला बाहेर या ना. पोरगी केवढी झाली, एकदा समोर उभी करून पाहू दे.”

“येतो, दादा. नक्की,” रचना म्हणाली.

प्रोजेक्टला पूर्ण गुण मिळाले. ‘तू हा देश फार जवळून पाहिला आहेस,’ असा बाईंचा शेराही मिळाला. जुलैसाठी नऊ तासांच्या थांब्याचे तिकीट हेरून ठेवले गेले आणि मामांनी रजा टाकली.

तिकीट काढताना मात्र सम्यकना त्याच दिवशी दीड तासाचे कनेक्शन दिसले.

“नऊ तास पोरीला घेऊन काय करायचं? दादांचाही दिवस वाया.” (हा विचार केवळ दादांसाठी होता.)

“मग कळव त्यांना,” रचना म्हणाली.

“तू कळव. तुझा भाऊ आहे.”

“निर्णय तुझा आहे.”

या कार्यविभागणीवर दोघांचेही समाधान झाले. परिणामी, दुसऱ्याने कळवले आहे याची प्रत्येकाला खात्री होती.

जुलैत, सरकत्या पट्ट्यावर असताना, अन्वीच्या फोनला वायफाय मिळाले आणि फोटो आला. इस्त्रीचा शर्ट घालून मामा बाहेरच्या दाराशी उभे होते. हातात वेल्डरची स्टीलची मोजपट्टी, भाचीच्या उंचीपर्यंत अंदाजाने उघडलेली. खाली मजकूर : ‘सकाळपासून उभा आहे. कोणत्या दाराने येता?’

अंदाज चार इंचांनी कमी होता.

“बाबा, मामा आलाय.”

“गेट बंद होईल. नागपूरहून सावकाश फोन करू,” सम्यक म्हणाले. रचनाने चालण्याचा वेग वाढवला. विमान वेळेवर सुटले.

देशाच्या भूगोलात आता भर घालता येईल : दाराच्या आत देश थंड आहे, बाहेर माणसे उभी असतात.

वाचकांनी आपले पुढचे तिकीट उघडून थांब्याचा रकाना पाहावा आणि त्या देशात आपले कोण राहते, ते आठवावे. कोणीच आठवत नसेल, तर काळजी नसावी. कनेक्शन चुकणार नाही.