टिटवीची अंडी आणि निर्धूळ दालन

एका जंगलात, बाळांनो, टेकडीच्या माथ्यावर एक टिटवी राहायची. नाव सारजा. तिला काम एकच होतं. पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला की ओरडायचं. टिटवीला ओरडायला शिकवावं लागत नाही, म्हणून ही नोकरी तिला मिळाली.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता झालं. ती उघड्यावर चार खडे मांडते आणि त्यातच अंडी घालते. गेल्या उन्हाळ्यात वणवा आला. सारजाचे डोळे आता अधू झाले होते. तिला धूर दिसला तेव्हा आग पायथ्याशी पोचली होती. ती ओरडली, जंगल नदीत उतरलं, सगळे वाचले. तिची अंडी तेवढी गेली.

सारजा रडत वाघोबा महाराजांकडे गेली. "महाराज, मला दुर्बीण द्या. नाहीतर यंदाही माझी अंडी भाजून निघतील."

महाराजांचं मन द्रवलं. नुकतंच जेवण झालं होतं, म्हणून जरा लवकरच द्रवलं. त्यांनी डॉक्टर खवल्यांना बोलावलं. हे खवले मांजर परदेशात, म्हणजे नदीपलीकडे, भिंगं घासायला शिकून आलं होतं.

डॉक्टरांनी वडाखाली बसून दुर्बीण जोडली. नेमक्या त्याच वेळी शेजारून दंतेराव रानडुक्कर अंग झाडत गेले. त्यांचा एक केस उडाला आणि दोन भिंगांच्या मध्ये जाऊन बसला.

सारजाने दुर्बीण डोळ्याला लावली, तर डोंगरावर काळाकुट्ट धूर! पूर्वेला पाहिलं, धूर. पश्चिमेला पाहिलं, धूर. महाराजांकडे पाहिलं, तर त्यांच्या डोक्यातूनही धूर. ती जीव खाऊन ओरडली. अख्खं जंगल नदीत. वर येऊन कोरडं झालं, तर ती पुन्हा ओरडली. शेवटी महाराज शिंकत शिंकत म्हणाले, "हिच्या हातातलं ते नळकांडं काढून घ्या आधी!"

डॉक्टर खवले दुर्बिणीतून केस काढून दाखवत म्हणाले, "महाराज, चूक टिटवीची नाही, जागेची आहे. भिंगं जोडायला धूळ नसलेली खोली लागते. भिंती, जमीन, अंगावरचे कपडे, पुसायचं फडकं, सगळं असं हवं की ज्यातून कण सुटणार नाही."

झालं! समिती नेमली. नाव, निर्धूळ दालन साहित्य निवड समिती. अध्यक्ष दंतेराव. कारण दुर्बिणीत केस जाण्याचा अनुभव जंगलात फक्त त्यांनाच होता.

दंतेराव दिवसाचा बराचसा वेळ चिखलात काढत. पण अध्यक्ष झाल्यापासून ते सोवळं नेसून लोळू लागले. पद मोठं असलं की असं करावं लागतं.

डॉक्टरांनी एक काळा गुळगुळीत दगड आणला. "जे वापरायचं ते यावर घासायचं. दगडावर काही उरलं तर नापास."

"पण मी म्हणतो, घासायचं कशाला?" दंतेराव म्हणाले. "जमीन शेणाने सारवा. चार थेंब गोमूत्र शिंपडा. झालं की शुद्ध!"

"अहो, शुद्ध वेगळं, निर्धूळ वेगळं."

"आमच्या घराण्यात असा भेद करत नाहीत," दंतेराव म्हणाले. डॉक्टरांनी सारवलेलं ढेकूळ दगडावर घासलं. दगड दिसेनासा झाला.

मग समितीच्या सदस्य लोकरबाई मेंढी पुढे आल्या. "कपडे लोकरीचे घ्या. मऊ, उबदार, आणि घरचीच लोकर आहे." त्यांनी अंग घासलं. दगडावर पुंजका राहिला. "इश्श! भर सभेत बाईमाणसाला घासायला लावता?" म्हणून त्या रुसून बसल्या. त्यांचा रुसवा काढण्यात फाल्गुन गेला.

सागवान नापास झालं, भुसा सुटला. कापूस नापास झाला, तंतू सुटले. बांबू, ताग, माती, सगळे नापास. सारजा प्रत्येक बैठकीला दारातून मान घालून ऐकायची. गवत पिवळं पडत चाललं होतं. तिने पुन्हा चार अंडी घातली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अहो दंतेराव, दुर्बीण कधी?"

"सारजाबाई, घाई केली की केस पडतो," ते म्हणाले.

अखेर डॉक्टरांनी सुचवलेला घोटीव दगड आणि चकचकीत पत्रा पास झाला. दालन उभं राहिलं. तोंड दिसेल इतकं लख्ख! मग उद्घाटन. ते साधं कसं होणार? दारात रांगोळी, आत धूप, वर गुलाल, आणि उंबऱ्यावर फोडलेल्या नारळाच्या शेंड्या चहूकडे. डॉक्टर खवले गोळा होऊन एका कोपऱ्यात पडले. खवले मांजर घाबरलं की असंच करतं.

दालन पुन्हा घासून पुसून काढलं. डॉक्टर काच घेऊन आत निघाले, तर दंतेरावांनी अडवलं. "काच घासणार? म्हणजे चुरा होणार. काच नापास."

"अहो, घासायचं काम मी बाहेर करीन. आत फक्त जोडायचं!"

"बरं, मग तुम्ही स्वतः घासा पाहू."

डॉक्टरांनी अंग दगडावर घासलं. खवल्यांतून मुंगीचा एक पाय पडला. सकाळच्या नाश्त्यातला होता. डॉक्टरही नापास.

अशा रीतीने दालन पूर्ण झालं. आत काच नाही, कारागीर नाही, दुर्बीण नाही आणि धूळही नाही. महाराजांनी दंतेरावांना सुवर्णपदक दिलं. ते मात्र दालनाबाहेरच ठेवावं लागलं, कारण त्याला रेशमी फीत होती.

आणि एका दुपारी सारजाच्या नाकात धूर गेला. दिसला नाही, नाकात गेला! म्हणजे आग किती जवळ आली असेल बघा. ती ओरडली. जंगल नदीकडे पळालं. पण अंडी? तिने वरून पाहिलं. सगळीकडे गवत, आणि न जळणारी जागा एकच.

तिने अंडी पंखाखाली घेऊन दालन गाठलं. दारात दंतेराव उभे होते. पद सोडून पळणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

"दंतेराव, वणवा आलाय! माझी अंडी आत ठेवू द्या, तुमच्या पाया पडते!"

"अंडी? छे छे! सोवळ्यात अंडी?"

सारजाला संताप आला. रडूही आलं. पण इतक्या बैठका तिने फुकट ऐकल्या नव्हत्या. तिने एक अंडं उचललं, दारातल्या काळ्या दगडावर हळूच घासलं आणि म्हणाली, "बघा. काही सुटलं?"

दंतेरावांनी वाकून पाहिलं. दगड स्वच्छ. एक कण नाही.

"अरे वा! असं साहित्य तर आम्ही वर्षभर शोधतोय. काय म्हणून लिहू?"

"भिंगाचा कच्चा माल," सारजा म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

"पास!" दंतेराव म्हणाले. अंडी आत गेली. सारजाही आत निघाली, तर ते ओरडले, "थांबा! पिसं नापास!" आणि त्यांनी पत्र्याचं दार लावून घेतलं. मग मात्र पद तिथेच सोडून ते नदीकडे असे पळाले की सोवळं वाटेतच राहिलं.

सारजा धुराच्या वर घिरट्या घालत राहिली. खाली दालनाभोवती आग नाचत होती. आई ती, तिच्या काळजाचं काय झालं असेल ते मी सांगत नाही. तुम्ही आपापल्या आईला विचारा.

वणवा विझला. दगड कोमट होते. समितीने दार उघडलं आणि लोकरबाई किंचाळल्या. पत्र्यावर, भिंतींवर, हवेत, सगळीकडे मऊमऊ लव उडत होती. आणि काडीसारख्या पायांची चार पिल्लं लख्ख जमिनीवर घसरत, आपटत, पुन्हा उठत पळत होती.

"कच्च्या मालाला पाय फुटले!" दंतेराव कपाळाला हात लावून खाली बसले.

नियम म्हणजे नियम. एकेक पिल्लू काळ्या दगडावर घासलं गेलं. चारही नापास. चौघांनाही दालनातून कायमचं हाकलून देण्यात आलं.

"शिक्षा मान्य आहे," सारजा म्हणाली, आणि पिल्लांना पंखाखाली घेऊन हसत हसत निघाली. दारात थांबून तिने विचारलं, "दंतेराव, दुर्बीण?"

"आता तर सगळं पहिल्यापासून," ते म्हणाले. "निदान दहा वर्षं तरी दालन रिकामं राहील."

"सावकाश होऊ द्या," सारजा म्हणाली. "माझी अंडी दर उन्हाळ्याला असतात."

तात्पर्य : मुलांनो, आगीपासून वाचायचं असेल तर दूरचं दिसण्याची खटपट करू नये. आग कधीच न पोचणारी जागा म्हणजे काम कधीच सुरू न होणारी जागा. तिथे मंजूर माल म्हणून आत शिरावं, आणि बाहेर काढेपर्यंत जिवंत असल्याचं कोणाला कळू देऊ नये.