उशी, खिडकी आणि मालक

"मामा, अशी वेबसाइट करतो की ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही आपलं लॉज दिसेल," भाच्यानं छातीठोकपणे सांगितलं. सगळं व्हिडिओ बघून शिकलेला, त्यामुळे आत्मविश्वासाला ब्रेक नव्हता.

मामांना घाई होती. अंध खेळाडूंचा बुद्धिबळ क्लब स्पर्धेसाठी अख्खं लॉज घेणार होता, आणि लॉज सुट्टीतल्या शाळेसारखं ओस पडलेलं. क्लबची अट एकच, साइट आम्हाला वापरता आली पाहिजे.

व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहा. ते पडद्यावर दिसत नाही, अंध माणसाचा फोन वाचून दाखवतो. मित्राला सांगताय असं समजून लिहा.

भाच्यानं मित्राला सांगतोय असं समजूनच लिहिलं. मामांनी साइट पाहिली. "फर्स्ट क्लास!" पाहिलीच फक्त. ऐकली कोणी?

ऐकली क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी. लॉजवर आल्या, काउंटरपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि फोनवर साइट उघडली. फोन खड्या आवाजात सुरू झाला.

"खोली. पलंग बरा. उशी इस्त्री केलेल्या मोज्यासारखी."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"खिडकी. उघडली की शेजारच्यांची भिंत. हात लांब असेल तर खाजवता येते."

"बाई, तुमच्या फोनमध्ये बिघाड आहे," मामा म्हणाले.

"नवा आहे," बाई म्हणाल्या.

"मालक," फोन म्हणाला. "हसतायत. फोटोपुरते."

मामी रजिस्टरआड तोंड लपवून गदगदायला लागली. मामांनी भाच्याचा कान धरला. "गाढवा, हे काय लिहिलंस?"

"फोटोत दिसतं तेच."

"दिसतं ते लिहायचं असतं होय रे? धंदा करायचाय की साक्ष द्यायचीय?"

"त्याला कशाला ओरडता?" मामी म्हणाली. "उशीचं मी कधीपासून बोंबलतेय."

आता बाई उठून जाणार, असं वाटून मामांनी कान सोडला आणि हात जोडले. जोडलेले हात बाईंना दिसणार नाहीत हे लक्षात आल्यावर पुन्हा सोडले.

पण बाई चक्क हसत होत्या. "बाकीच्या लॉजच्या साइटवर माझा फोन नुसता 'फोटो, फोटो, फोटो' करत बसतो. इथं निदान कळलं, उशी घरून आणायची. अख्खं लॉज घेते. लपवाछपवी नाही, हेच आवडलं मला. चला, खोली दाखवा."

मामा ताठ झाले. पुढे होऊन त्यांनी स्वतः दार उघडलं. बाई आत शिरल्या, थांबल्या, आणि त्यांनी नाक वर करून एकदा हुंगलं.

"भिंतीला ओल आहे. हे साइटवर नव्हतं."

भाचा सांगणार होता की वास फोटोत येत नाही. पण मामांनी आधीच त्याचा दुसरा कान धरला होता.

"लाज नाही वाटत? लोकांना फसवतोस?"